मदत हवी आहे: तीन मिनिटांची फिल्म, तांबट आळीतला आवाज

नमस्कार मंडळी. हौशी लोकांच्या लघुपट स्पर्धेसाठी फिल्म करतेय. शीर्षकं धरून मर्यादा तीन मिनिटं. विषय आपल्या जुन्या नाशकातलं मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देणं. एक तांबटकाका, त्यांची नात आणि एक तांब्याचा हंडा, बस्स. संवाद जवळजवळ नाहीतच, कारण ठोक्यांची लयच गोष्ट सांगते. काका शेवटाकडे येतात तसे ठोके हलके आणि जवळजवळ पडत जातात, पत्र्यावर एकसारख्या खळ्या उमटतात.

अडचण तिथेच आहे. शूटिंग फोनवर. हातोडी पडली की आवाज फाटतो, आणि पुढच्याच क्षणी फोन आपोआप आवाज वाढवतो, मग गल्लीतल्या गाड्यांचे हॉर्न वर येतात. आवाज हाताने ठरवता येईल असं साधं ॲप कोणतं? की कॉलरचा माइक दुसऱ्या फोनला लावून दूर ठेवू आणि नंतर जुळवू? जुळवणं सोपं जाईल असं वाटतं, ठोका म्हणजे आयता क्लॅपच, चित्र-आवाज जुळवायला शॉटच्या सुरुवातीला पाटी वाजवतात तसा.

ट्यूबलाइटचं लुकलुकणं २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवून थांबलंय, त्यामुळे चित्राची काळजी नाही.

दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० साली इथेच त्र्यंबकेश्वरला झाला, त्यांच्या गावात आवाजाकडे दुर्लक्ष करून फिल्म पाठवायला मन धजत नाही. नाशकात कुणाकडे रेकॉर्डर असेल तर एका सकाळपुरता मिळेल का? भाडं देईन. काका दुकान उघडतात तेव्हा, म्हणजे नऊच्या आत, गल्ली त्यातल्या त्यात शांत असते.