गटाच्या राइडमध्ये चढावर मागे पडणाऱ्यांसाठी आखणी कशी करावी?

प्रश्न

आमच्या सायकल क्लबच्या पुढच्या दिवसभराच्या राइडची आखणी या वेळी माझ्याकडे आली आहे. अंतर ८० किलोमीटर, रस्ता बहुतेक खेड्यापाड्यांतून जाणारा व अरुंद, आणि वाटेत दोन मोठे चढ. नावे दिलेल्या २२ जणांत रोज सायकल चालवणारे आहेत, तसेच आजवर ४० किलोमीटरच्या पुढे कधी न गेलेलेही आहेत. मागच्या राइडमध्ये चढावर गट फुटला आणि मागचे चौघे विसाव्याच्या जागी पोहोचले तेव्हा पुढचे हेल्मेट चढवून निघण्याच्या बेतात होते. म्हणजे विश्रांतीची गरज ज्यांना सर्वाधिक होती, त्यांच्याच वाट्याला ती आली नाही. त्यांपैकी दोघे पुन्हा फिरकलेच नाहीत. सर्वांना ताशी २० किलोमीटर असा एकच वेग बांधून दिला, तर हे टळेल का?

प्रतिसाद १

वेग बांधून दिल्याने सपाटीवर फरक पडेल, चढावर नाही. सपाटीवर सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणूनच चांगल्या वेगात दुसऱ्याच्या मागे, त्याच्या आडोशाने चालवणाऱ्याचे श्रम लक्षणीय वाचतात आणि कमी ताकदीचा माणूसही गटाला धरून राहू शकतो. चढावर वेग ताशी ८-१० किलोमीटरवर आला की हा आडोसा जवळपास निरुपयोगी ठरतो आणि प्रत्येकाला आपले व सायकलचे वजन स्वतःच वर न्यावे लागते. तिथे गट फुटणारच, त्यात कोणाचा दोष नाही. चढ ज्याने त्याने आपल्या गतीने चढावा, माथ्यावर सर्वांनी एकत्र यावे आणि (तुमच्या तक्रारीचे खरे उत्तर हेच) विश्रांतीची दहा मिनिटे शेवटचा माणूस पोहोचल्यापासून मोजावीत.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, परंतु अरुंद रस्त्यावर २२ जणांची एक रांग मला मुळातच धोक्याची वाटते. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला ती ओलांडता येत नाही, शिवाय प्रत्येक वळणावर पुढचे वेग कमी करून लगेच वाढवतात, त्यामुळे रांग ताणली जाऊन शेवटच्यांना ते अंतर भरून काढण्यासाठी दर वेळी जोर मारावा लागतो. दमछाक होते ती बऱ्याच अंशी यातूनच. वेगानुसार सात-आठ जणांचे तीन गट करा आणि वळणानंतर आपला शेवटचा माणूस सरळ रस्त्याला लागेपर्यंत वेग वाढवू नये, असे प्रत्येक गटाच्या म्होरक्याला बजावून ठेवा. सर्वांत मागे राहणारा माणूस अनुभवी, पंक्चर काढता येणारा आणि मुख्य म्हणजे घाई नसलेला असावा. पंप आणि जादा ट्यूब त्याच्याकडे हवीच. नवख्यांना एक गोष्ट निघण्यापूर्वीच सांगा: आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ देऊ नये, कारण चाकाला चाक घासले तर बहुधा मागचाच पडतो.

प्रतिसाद ३

थांबण्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. घामाने भिजलेल्या अंगाने माथ्यावरच्या वाऱ्यात वीस मिनिटे ताटकळणे पुढच्यांनाही त्रासाचेच असते. रस्ता मोकळा असेल, तर त्यांनी थोडे खाली उतरून शेवटच्यांबरोबर पुन्हा वर यावे. त्यांचा व्यायाम होतो आणि मागच्यांना सोबत मिळते. दुसरे असे की, दुसऱ्या चढावर मागे पडणारे पुष्कळदा केवळ उपाशी असतात. शरीरातील कर्बोदकांचा साठा जोरकस श्रमांत दीड-दोन तासांत संपत येतो, म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील इतके खात राहावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. तीन गट करण्याचे ठरवले आहे. दुसऱ्या चढाचा माथा नेमका वळणावर आहे आणि तिथे कडेला उभे राहण्यापुरतीही जागा नाही, त्यामुळे तिथले थांबणे उतार संपल्यानंतरच्या फाट्यावर ठेवतो. सर्वांत मागे मी स्वतः राहणार आहे. माझ्याआधी कोणी निघायचे नाही, एवढे सांगितले की विश्रांतीचा हिशेब आपोआप जुळेल.