मदत हवी आहे: कांद्यासारखा सुटणारा दगड कुठल्या प्रकारात लिहायचा?

नमस्कार मंडळी,

मुलगा नववीत आहे. भूगोलाच्या प्रकल्पाला त्यानं खडकांचं विदारण (म्हणजे खडक जागच्या जागी फुटणं, कुजणं) हा विषय घेतलाय. उदाहरणासाठी लांब जावं लागलं नाही. आम्ही खारघरला राहतो, सोसायटीमागे टेकडी कापून रस्ता काढलाय. त्या कापात काळ्या दगडाचे गोटे रुतून बसलेले दिसतात आणि प्रत्येकाभोवती कांद्यासारखे पापुद्रे. खाली पडलेला नारळाएवढा एक गोटा घरी आणला. वरचा पापुद्रा बोटांनीच सुटला, पिवळट-तांबूस, चुरला की सरळ मुरूम. दुसरा, तिसरा जरा घट्ट. त्याच्या आत मात्र निळसर काळा गाभा लागला. हातोडी मारली तर टणकन वाजला, टवकासुद्धा उडाला नाही. दोन बोटांच्या अंतरात एकीकडे मुरूम आणि एकीकडे पाषाण!

अडलंय ते इथे. वहीत लिहिलंय की पापुद्रे सुटणं म्हणजे अपपर्णन, आणि ते कायिक विदारण: दिवसा उन्हानं प्रसरण, रात्री आकुंचन. मुलानं विचारलं, "आई, हे गोटे तर मातीखाली होते ना? रस्ता कापेपर्यंत त्यांना ऊन लागलं कधी?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय आपल्याकडे दिवस-रात्रीच्या तापमानात वाळवंटासारखा फरक नसतो आणि भेगेत पाणी गोठायचा तर प्रश्नच नाही. मग लिहायचं काय? सोमवारी द्यायचंय.

प्रतिसाद १

ताई, मुलाची शंका बिनतोड आहे. प्रकल्पात ती तशीच लिहू द्या.

हा बेसॉल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा. थंड होताना तो आकसला, भेगा पडल्या, खडकाचे ठोकळे झाले. पुढचं काम पाण्याचं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, मातीतून झिरपताना मुळांनी सोडलेला आणखी मिसळतो आणि पाणी सौम्य आम्ल होतं. ते भेगांतून ठोकळ्याला वेढतं. सपाट बाजूला एकीकडूनच मार बसतो, कडेला दोन बाजूंनी, कोपऱ्याला तीन. म्हणून कोपरे आधी जातात आणि चौकोनी ठोकळा गोल होत जातो. फ्रीजमधला बर्फाचा चौकोनी खडा पाण्यात सोडून मुलाला दाखवा.

आता पापुद्रे. दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते, लोह असलेली खनिजं गंजतात (तांबूस रंग तोच). बदललेला थर फुगतो आणि आतल्या ताज्या दगडापासून सुटतो. म्हणजे मूळ कारण रासायनिक, पण थर तडकून सुटणं यांत्रिक, म्हणजे वहीतलं कायिक. एकाच रकान्यात कोंबू नका. याला स्फेरॉइडल वेदरिंग, म्हणजे गोलाकार विदारण म्हणतात. हेच रासायनिक काम फार पुढे गेलं की जांभा होतो. माथेरानला गेला असाल तर ती लाल माती आठवेल.

आणि एक, पावसाळ्यात त्या कापाखाली मुलाला जाऊ देऊ नका. गोट्याभोवतीचा मुरूम भिजला की गोटा कधीही निसटतो.

प्रतिसाद २

निव्वळ कायिक उदाहरण हवं असेल तर खाडीकाठचे जुने दगडी बांध बघा. भरतीचं खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकलं की मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटू लागतात. भिंतीत पिंपळ उगवलेला असेल तर त्याचाही फोटो घ्या, जैविक विदारणही होऊन जाईल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बर्फ वाटीत सोडलाय, मुलगा मिनिटामिनिटाला फोटो काढतोय, कोपरे खरंच आधी गेले! एक विचारायचं राहिलं. गाभ्यात साबुदाण्याएवढे पांढरे दाणे आहेत, ते काय?

प्रतिसाद १

लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहतात, त्यांत नंतर पाण्यातून खनिजं साचतात. एक दाणा खरवडून पूड करा आणि वर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट, नाहीतर बहुधा झिओलाइट.

धागाकर्ती

फसफसलं! अगदी बारीक बुडबुडे, पण आले. आता तो उरलेले दाणे खरवडत बसलाय.