क्सेनॉस म्हणजे पाहुणा की परका?

चांदणवेल: होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्याच्या 14व्या सर्गाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दावर अडलेय. नायक ओडिसियस 20 वर्षांनी आपल्या इथाका बेटावर पोचलाय पण भिकाऱ्याच्या रूपात, त्याचीच डुकरं राखणारा यूमेयस त्याला ओळखत नाही, तरी अंगावर आलेली कुत्री हाकलतो, आत नेतो, आधी पोटभर खाऊ घालतो आणि नाव-गाव नंतर विचारतो. त्याला हाक मारतो क्सेनॉस. ग्रीकमधे परका, पाहुणा, यजमान तिन्हीला हाच शब्द. परका लिहिलं की माया जाते, पाहुणा लिहिलं की अनोळखीपणा जातो.

जुनीवही: सरळ अतिथी घ्या. ज्याची यायची तिथी ठरलेली नाही तो. यूमेयस म्हणतोच ना, परके आणि भिकारी सगळे झ्यूस देवाकडून येतात. आपलं अतिथी देवो भव वेगळं काय आहे?

उंबरठा: तिथीची फोड नंतर जुळवलेली वाटते, अत् म्हणजे भटकणे हा धातू जास्त पटतो. आणि डुकरं राखणारा माणूस अतिथी म्हणेल का?

कृष्णाकाठ: अहो आमच्या सांगलीकडं एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला, जन्मात बघितलेलं नसतं, तरी 'काय पाव्हणं, कुठलं गाव?' आणि तोबी आपल्याला पाव्हणंच म्हणतो. परका, पाहुणा, यजमान तिन्ही आलं की.

जुनीवही: महाकाव्यात बोली नको. होमरची भाषा भारदस्त आहे.

कृष्णाकाठ: पाव्हणं भारदस्तच हाय, आमच्याकडं मान देऊनच म्हणतात.

उंबरठा: आणि नोस्टोसला, म्हणजे घरी परतण्याला, काय केलंय? घरवापसी नको प्लीज, त्याला आता भलताच वास आहे.

रानवाट: त्याच नोस्टोसला वेदनेचा आल्गोस जोडून हॉफर या स्विस वैद्यकाने 1688 मधे नॉस्टॅल्जिया हा शब्द बनवला, आजाराचं नाव म्हणून. आपण त्याचं स्मरणरंजन केलं, दुखणं गेलं आणि रंजन राहिलं, मला हे कायम खटकतं.

जुनीवही: गतकातरता आहे की.

रानवाट: त्यात घर कुठाय? आजोबा 30 वर्षं मुंबईत गिरणीत होते, कायमचे गावी आले तेव्हा आजी शेजारणीला एवढंच म्हणाली, 'हे आले माघारी.' माझ्यासाठी नोस्टोस म्हणजे माघारी.

उंबरठा: माघारी म्हटलं की हरल्यासारखं वाटतं, उमेदवार माघार घेतात तसं.

रानवाट: माघार वेगळी, माघारी वेगळं.

चांदणवेल: पण यूमेयसने हाक काय मारायची?