सूड, प्रतिकार, पारिपत्य, युद्ध : हल्ल्यानंतर कोणता शब्द योग्य?

विचारणा (जळगाव)

दहावीच्या वर्गाला ‘हल्ला झाल्यावर राष्ट्राने युद्ध करावे काय?’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे 26 जणांची हत्या झाली आणि 7 मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले, त्या दिवसांतील मथळे मुलांच्या वाचनात आहेत. त्यामुळे बहुतेक निबंधांत सूड, बदला, प्रतिशोध, प्रतिकार, चोख प्रत्युत्तर, पारिपत्य आणि युद्ध हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरलेले दिसतात. एकाने एकाच परिच्छेदात ‘सूड घेणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे’ आणि ‘स्वसंरक्षण हा राष्ट्राचा अधिकार आहे’ अशी दोन वाक्ये लिहिली आहेत. या दोन वाक्यांचा अर्थ त्याच्या लेखी एकच आहे. हे समानार्थी शब्द मानून गुण द्यावेत, की यांतील फरक मुलांना समजावून सांगावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

धुळे

ताई, हे शब्द समानार्थी नाहीत, आणि ते समानार्थी मानले तर निबंधाच्या विषयाला काही अर्थच उरत नाही. कोशातील अर्थ बाजूला ठेवून प्रत्येक शब्द वाक्यात कोणता प्रत्यय मागतो ते पाहिले, तर फरक चटकन लक्षात येतो.

‘सूड’ घ्या. ‘त्याने बापाचा सूड घेतला’ या वाक्यात बाप हा मारला गेलेला आहे, तर ‘त्याने शत्रूचा सूड घेतला’ या वाक्यात शत्रू हा मारणारा आहे. ज्याच्यासाठी सूड घ्यायचा तो आणि ज्याच्यावर उगवायचा तो, दोघांनाही ‘चा’ हा एकच प्रत्यय चालतो. हल्ला नेमका कोणी केला, हे या शब्दाला सांगावे लागत नाही. म्हणूनच सूड गुन्हेगारावरून त्याच्या भावावर, गावावर, जातीवर किंवा धर्मावर सरकला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या बिनचूक राहते. शिवाय सूड कोठे थांबतो, हे तो शब्द सांगत नाही. ते घेणाऱ्याच्या समाधानावर अवलंबून असते. ‘बदला’ याच वळणाचा शब्द आहे, आणि हिंदी वाहिन्यांमुळे आता मराठीत सर्रास ऐकू येणारा ‘प्रतिशोध’ही त्यांच्याच पंक्तीत बसतो. वचपा काढणे आणि उट्टे काढणे हे वाक्प्रचार त्याच कुळातले आहेत आणि राष्ट्राच्या धोरणाविषयी लिहिताना ते टाळलेले बरे.

‘प्रतिकार’ हा शब्द मात्र हल्ल्याला चिकटतो, माणसाला नाही. आपण ‘हल्ल्याचा प्रतिकार’, ‘आक्रमणाचा प्रतिकार’ असे म्हणतो. हल्ला चालू आहे तोवर प्रतिकार आहे. हल्ला मोडून निघाला की प्रतिकाराचे काम संपले. 1999 साली कारगिलच्या शिखरांवरून घुसखोरांना हटवताना सरकारने सैन्याला नियंत्रण रेषा न ओलांडण्याचे बंधन घातले होते आणि ते शेवटपर्यंत पाळले गेले. त्या लढाईत किती जवान गेले हे आपण जाणतो, तरीही तिला सूड म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तिचा हेतू आणि तिची हद्द दोन्ही ठरलेले होते.

‘पारिपत्य’ हा तिसरा आणि माझ्या मते आज सर्वांत जास्त उपयोगी पडू शकणारा शब्द. जुन्या दप्तरी मराठीत ‘पारपत्य’ असेही रूप आढळते आणि त्यात शिक्षेइतकाच बंदोबस्ताचा, कारभार मार्गी लावण्याचाही अर्थ आहे. पारिपत्य हल्लेखोरांचे होते, लुटारूंचे होते, म्हणजे कोणाचे ते आधी निश्चित करावे लागते. ‘हल्ल्याचे पारिपत्य’ असे कोणी म्हणत नाही. गुन्हेगार ओळखणे, त्याला गाठणे आणि त्याने पुन्हा तसे करू नये अशी व्यवस्था लावणे, या तिन्ही गोष्टी या एका शब्दात येतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर भारताने युद्ध केले नाही. जिवंत हाती लागलेल्या एकमेव हल्लेखोरावर खुला खटला चालवला, त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला आणि 2012 मध्ये त्या हल्लेखोराला फाशी दिली. कट रचणारे सीमेपलीकडेच राहिले, म्हणून ते पारिपत्य अपुरे आहे, ही तक्रार रास्त आहे. परंतु ते अपुरे आहे असे म्हणता येते, याचे कारणच असे की पारिपत्याला मोजण्याचे माप आहे. सुडाला तसे माप नसते.

राहिला ‘प्रत्युत्तर’. मुलांना सर्वांत जास्त सावध करावे ते या शब्दाबद्दल. तो सभ्य आहे, सरकारी निवेदनात शोभतो, आणि त्याच्या पोटात वरील तिन्ही अर्थ मावतात. ‘चोख प्रत्युत्तर द्या’ असे म्हणणाऱ्याला सूड हवा आहे, प्रतिकार हवा आहे की पारिपत्य, हे त्याने सांगितलेले नसते, आणि पुष्कळदा त्याने ते स्वतःशीही ठरवलेले नसते. उद्या मुले सीमेवर पाठवण्याचा निर्णय व्हायचा असेल, तर असा पोकळ शब्द मला पुरेसा वाटत नाही.

अमळनेर

धुळ्याच्या आप्पांच्या विवेचनात ‘युद्ध’ या शब्दाची भर घालतो. मराठीत युद्ध ‘शी’ होते : शेजाऱ्याशी युद्ध, इंग्रजांशी युद्ध. हाच ‘शी’ तहालाही लागतो. ज्याच्याशी युद्ध करता येते त्याच्याशी तहही करता येतो, आणि म्हणूनच त्या युद्धाला शेवट असू शकतो. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले, 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि 2 जुलै 1972 रोजी सिमल्यात करार झाला. समोर राज्य होते, सेनापती होता, सही करणारा हात होता.

2001 नंतर ‘दहशतवादाविरुद्ध युद्ध’ ही शब्दयोजना रूढ झाली. तेथे ‘शी’ जाऊन ‘विरुद्ध’ आले. दहशतवाद ही पद्धत आहे. तिच्याशी तह कोण करणार? 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांत सुमारे 3000 माणसे मारली गेली आणि अवघ्या तीन दिवसांनी, 14 सप्टेंबरला, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने राष्ट्राध्यक्षांना बळाचा वापर करण्याचा अधिकार देणारा ठराव 420 विरुद्ध 1 मतांनी संमत केला. त्या ठरावात एकाही देशाचे नाव नव्हते. हल्ल्यामागे कोणती राष्ट्रे, संघटना किंवा व्यक्ती आहेत हे ठरवणे राष्ट्राध्यक्षांवर सोपवले होते. विरोधातले ते एक मत प्रतिनिधिगृहाच्या सदस्य बार्बरा ली यांचे होते. हल्लेखोरांना शासन होऊ नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. शेवट दिसत नसलेल्या युद्धाची मोकळीक देऊ नये, असे त्या म्हणत होत्या. 7 ऑक्टोबर 2001 रोजी अफगाणिस्तानात सुरू झालेल्या त्या युद्धातले शेवटचे अमेरिकी सैनिक 30 ऑगस्ट 2021 रोजी बाहेर पडले, आणि त्याआधी 2020 मध्ये दोहा येथे करार झाला तो तालिबानशीच. ज्यांना हटवायला गेले त्यांच्याशी अखेर ‘शी’ लावावाच लागला.

शिरपूर

आमच्याच तालुक्यातले उदाहरण या चर्चेत यायला हवे. तापीकाठचे थाळनेर. जानेवारी 1818 मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातील ठाणी इंग्रजांना देऊ केली. 27 फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरपुढे आली, तेव्हा किल्लेदाराने किल्ला खाली न करता तोफा डागल्या. पुढे शरणागतीची बोलणी सुरू झाली. दरवाजाच्या आत गेलेले इंग्रज अधिकारी आणि शिबंदी (किल्ल्यातले शिपाई) यांना एकमेकांची भाषा समजेना. गोंधळ उडाला, तलवारी चालल्या आणि ते अधिकारी कापले गेले. त्यानंतर फौज आत घुसली, शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिले.

या घटनेत ‘बंडखोर’ हा एक शब्द किल्लेदाराच्या गळ्याभोवती पडला. तह झाला आहे, म्हणून युद्ध संपले आहे, म्हणून किल्ला लढवणारा हा सैनिक नसून बंडखोर आहे, असा तो युक्तिवाद. त्या वेळी विलायतेत कोणी प्रश्न विचारला नसता तर नवल नव्हते, पण तो विचारला गेला. 1819 मध्ये पार्लमेंटात या मोहिमेच्या सेनानींचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरची फाशी वादाचा विषय झाली आणि हिस्लॉपचे आभार म्हणजे त्या कृत्याला मान्यता नव्हे, असे स्पष्ट करावे लागले. जिंकलेल्या पक्षाच्या सभागृहात, आपलेच अधिकारी मारले गेलेले असताना, ‘हे शासन होते की सूड?’ हा प्रश्न उभा राहिला. आज असा प्रश्न विचारणाऱ्याला भेकड किंवा देशद्रोही म्हणणाऱ्यांनी थाळनेरच्या पडक्या तटाकडे एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते.

जळगाव

सर्वांची आभारी आहे. एक शंका उरते. ‘पुन्हा हल्ला होऊ नये म्हणून केलेली कारवाई’ या चारांपैकी कोठे बसवावी? 26 फेब्रुवारी 2019 रोजी भारताने पाकिस्तानातील बालाकोटवर केलेल्या हवाई हल्ल्यानंतर आपल्या परराष्ट्र सचिवांच्या निवेदनात ‘बिगरलष्करी प्रतिबंधक कारवाई’ या अर्थाचे शब्द होते, आणि मुलांनी तेही उद्धृत केले आहेत.

धुळे

ताई, इथे आपल्या ‘म्हणून’कडे लक्ष द्यावे लागते. ‘हल्ला झाला म्हणून मारले’ यात ‘म्हणून’ कारण सांगतो. ‘हल्ला होऊ नये म्हणून मारले’ यात तोच शब्द हेतू सांगतो. अहिराणीत ‘त्यानी मारं म्हनीसन मी मारं’ असे पोर आईला सांगते, तेव्हा ते फक्त कारण सांगत असते. राष्ट्राला तेवढ्यावर थांबता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम 51 सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते; त्या हक्काला रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याने गरज आणि प्रमाण अशा दोन अटी घातल्या आहेत, आणि या दोन्ही अटी हेतूच्या ‘म्हणून’ला लागू पडतात. बालाकोटच्या निवेदनात आणखी हल्ल्यांची तयारी चालू असल्याची माहिती होती, असे सांगितले गेले. म्हणजे सरकारने तेथे हेतूचा ‘म्हणून’ निवडला. तशी कारवाई प्रतिकार आणि पारिपत्य यांच्या सीमेवर बसते, आणि ती योग्य होती की नाही हे ‘पुढचा हल्ला खरोखर येऊ घातला होता काय’ या पुराव्यावर ठरते, आपल्या संतापावर नव्हे.

गुणांविषयी विचारले होते. ‘युद्ध करावे’ किंवा ‘करू नये’ यांपैकी कोणतीही बाजू घेणाऱ्याचे गुण कापू नयेत. ज्याने ‘सूड हे कर्तव्य’ आणि ‘स्वसंरक्षण हा अधिकार’ ही वाक्ये शेजारी लिहिली, त्या विद्यार्थ्याला वही परत द्यावी आणि दोहोंपैकी एक वाक्य निवडून कोणाशी, कशासाठी आणि कोठवर, हे लिहून आणायला सांगावे. मग त्याने युद्धाच्या बाजूने लिहिले तरी चालेल.