हिवाळ्यातलं प्राग: जोडून आलेल्या सुट्टीचे तुमचे अनुभव

युरोपात राहणारी मराठी मंडळी कधी ना कधी प्रागला जातातच. बहुतेक जण मे ते सप्टेंबरमध्ये जातात आणि चार्ल्स पुलावर पुढच्या माणसाची पाठ बघत चालून येतात. माझं मत विचाराल तर प्रागला जावं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. आमच्याकडे बव्हेरियात 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाची सुट्टी असते. ती शनिवार-रविवारला जोडून आली की न्यूर्नबर्गहून सकाळची बस धरायची, दुपारच्या जेवणाला प्राग.

या दिवसांत तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो, हा हिवाळ्याचा खरा फायदा. उन्हाळ्यात पूल रिकामा बघायचा तर पहाटे पाचला तिथे हजर राहावं लागतं. आम्ही पोटभर झोपून, कॉफी पिऊन साडेसातला गेलो, तर पुलावर दोन फोटोवाले आणि एक कुत्रा फिरवणाऱ्या बाई, बस्स. राजा चौथ्या कार्लने (इंग्रजीत चार्ल्स) 1357 साली हा पूल बांधायला घेतला. त्यावरचे 30 पुतळे मात्र बरेच नंतरचे, बहुतेक बरोक काळातले. त्यांच्या डोक्याखांद्यांवर हिमकण धरले होते. संत यान नेपोमुकच्या पुतळ्याखालची पितळी पाटी काळी पडली आहे, पण लोक जिथे हात लावतात तेवढा भाग लख्ख पिवळा. 1393 साली कार्लच्या मुलाच्या, राजा चौथ्या वाच्लावच्या हुकमावरून या धर्मगुरूला याच पुलावरून नदीत टाकलं होतं. मीही हात लावला. पाटी इतकी गार होती की बोटं झिणझिणली.

तुम्ही थंडीत प्रागला गेला असाल तर इथे लिहा. हॉटेलांचे भाव नकोत, ते कुठेही मिळतात. पाय कुठे रेंगाळले ते सांगा.

म्युनिकहून

आई-बाबा जानेवारीत आमच्याकडे आले होते, त्यांना घेऊन गेलो. बाबा रोज सकाळी पंचांग उघडणारे. जुन्या गावातल्या चौकात टाऊन हॉलच्या भिंतीवरचं खगोलीय घड्याळ, ऑर्लॉय, त्यांनी पाहिलं आणि पुढचा दीड तास आम्ही तिथून हललो नाही.

दर तासाला खिडक्या उघडतात, बारा प्रेषित फिरून जातात, सांगाडा दोरी ओढतो, कोंबडा आरवतो. मिनिटभरात खेळ संपतो आणि गर्दी पांगते. बाबांचं खरं बघणं त्यानंतर सुरू झालं. 1410 सालचं हे घड्याळ कादान गावच्या मिकुलाशने केलं आणि त्यामागचं गणित यान शिंडेल या ज्योतिर्विदाचं, असं मानतात. सर्वांत बाहेरच्या कड्यावर सोनेरी अंकांत जुने बोहेमियन तास आहेत. ते सूर्यास्तापासून मोजतात, म्हणून ते कडं वर्षभर पुढेमागे सरकत राहतं. आत सूर्योदय ते सूर्यास्ताचे बारा समान भाग करणारे तासही आहेत. थंडीत दिवस लहान, म्हणून तो तासही लहान. बाबा म्हणाले, "अरे, आपल्या दिनमानासारखंच की हे!"

मग त्यांनी राशींचं कडं वाचायला घेतलं. संक्रांतीचा आदला दिवस होता. आपल्या पंचांगात सूर्य अजून धनु राशीत. घड्याळावर मात्र सोनेरी सूर्य मकर राशीचा बराचसा भाग ओलांडून गेलेला. ते सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं; आपलं निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेलं; मध्ये साधारण 24 अंशांचा फरक, तो अयनांश. हे त्यांनी मला लहानपणी कितीदा सांगितलं होतं, पण समजलं ते त्या भिंतीखाली, गारठलेल्या पायांनी. बाजूलाच 'तीन' (Týn) नावाचं चर्च आहे, तिथे 1601 साली वारलेल्या टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची समाधी. त्याच्या मंगळाच्या नोंदींवरून केप्लरने ग्रहगतीचे पहिले दोन नियम याच शहरात मांडले आणि 1609 मध्ये छापले. आई तोवर कोपऱ्यावरून गरम सफरचंदाचा रस घेऊन आली होती.

म्लादा बोलेस्लावहून

मी पुण्याचा. कंपनीच्या कामासाठी इथे, स्कोडाच्या मूळ गावी आहे. इथून प्राग बसने तासाभरावर, त्यामुळे जाणं-येणं असतंच. पण कोणी विचारलं की मी एकच सांगतो: 17 नोव्हेंबरला जा. चेकियात त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते. ती सोमवारी किंवा शुक्रवारी आली की सलग तीन दिवस.

1939 मध्ये याच तारखेला नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली. त्याला 50 वर्षं झाली म्हणून 1989 मध्ये विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी तो अडवून मुलांना झोडपलं. तिथून पुढे काही आठवड्यांत कम्युनिस्ट राजवट गेली आणि 29 डिसेंबरला वाच्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. त्या रस्त्यावर एका कमानीखाली, भिंतीवर वर उंचावलेल्या हातांचं छोटं ब्राँझ शिल्प आहे. एरवी पटकन नजरेस पडत नाही. त्या दिवशी मात्र त्याच्यासमोर मेणबत्त्यांचा सडा असतो आणि रांग पार फुटपाथपर्यंत. माझा चेक सहकारी तेव्हा शाळेत होता. वडिलांच्या खांद्यावर बसून वाच्लाव चौकात घराच्या किल्ल्या खुळखुळवल्या, हे त्याने मला तिथेच उभं राहून सांगितलं. हजारो लोक किल्ल्या वाजवून राज्यकर्त्यांना "निघा आता" म्हणत होते.

त्याच चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, फरसबंदीतून एक ब्राँझचा क्रूस वर आल्यासारखा दिसतो. 1968 च्या सोव्हिएत आक्रमणानंतर लोक मुकाट होत चालले, म्हणून यान पालाख या विद्यार्थ्याने 16 जानेवारी 1969 ला तिथे स्वतःला पेटवून घेतलं. वय 20. जानेवारीत गेलात तर तिथेही मेणबत्त्या दिसतील. जरा थांबा.

ड्रेस्डेनहून

विद्यार्थी आहे, त्यामुळे सगळं कमी खर्चात. ड्रेस्डेनहून रेल्वेने सव्वादोन-अडीच तास, वाटेत एल्बचं खोरं. खिडकीची जागा पकडा.

ज्यू वस्तीबद्दल लिहायचं आहे. पहिली गोष्ट: ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असतं. जोडून सुट्टीत नेमका तोच दिवस लोक तिथे ठेवतात. रविवारी सकाळी उघडताच जा.

याच संग्रहालयातल्या पिंकास सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे 80 हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. आडनाव लाल, पुढे नावं आणि तारखा काळ्या. लांबून भिंत नुसती करडी दिसते, जवळ गेलं की एकेका घरातली माणसं वाचता येतात. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने तिथे मुलांना चोरून चित्रकला शिकवली. 1944 मध्ये तिला ऑशविट्झला नेलं, त्याआधी तिने साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली, म्हणून ती उरली. फुलपाखरं, घर, जेवणाचं टेबल. मी त्या दिवशी दुसरं काही पाहिलं नाही, पाहवलंही नसतं.

व्हिएन्नाहून

खाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. थंडीत कुलायदा हे सूप नक्की घ्या: बटाटा, मशरूम, आंबट साय, वर मऊ उकडलेलं अंडं आणि भरपूर शेपू! घरी शेपूची भाजी केली की नाक मुरडणारा नवरा दोन वाट्या प्यायला. पण सूप मांसाच्या पाण्यात केलंय का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. तळलेलं चीज, स्माझेनी सीर, सगळीकडे मिळतं. गोडात फळं भरलेले उकडलेले गोळे, वरून वितळलेलं लोणी आणि वाटलेली खसखस. चौकाचौकांत विकतात ते त्रदेलनिक, काठीला गुंडाळून भाजलेलं गोड, पर्यटकांसाठीचं आहे, त्यावर भूक घालवू नका.

इथली खसखस निळसर असते, दुकानात पाकिटं मिळतात. आईने अनारशांसाठी मागितली होती. पण दुबईमार्गे किंवा सिंगापूरमार्गे भारतात जाणार असाल तर सामानात खसखस अजिबात नको, तिथे ती बेकायदेशीर आहे.

प्रागहूनच

आम्ही इथे राहतो. नाताळआधीचे तीन-चार दिवस आलात तर रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पाण्याने भरलेली मोठी पिंपं दिसतील. त्यात जिवंत कार्प मासे, बहुतेक दक्षिण बोहेमियातल्या तळ्यांतले. 24 तारखेच्या रात्री कार्प आणि बटाट्याचं सॅलड हे इथलं ठरलेलं जेवण. पूर्वी घरोघरी मासा आणून बाथटबमध्ये सोडत, मुलं त्याला नाव ठेवत आणि मग रडारड. काही घरांत अजूनही करतात. आमच्या मुलीने शेजारच्या आजींनी दिलेला माशाचा खवला पाकिटात ठेवलाय. वर्षभर पैसा टिकतो म्हणतात.

शिवाय नाताळाआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी चारच्या सुमारास चार्ल्स पुलावर या. झगा घातलेला दिवेवाला लांब काठीने एकेक गॅसबत्ती लावत जातो. लहान मुलं त्याच्यामागे पळतात, मोठेही.

किल्ल्यावर चढून जाऊ नका, 22 नंबरची ट्राम वर सोडते. सेंट व्हिटस कॅथेड्रलचा पाया 1344 चा, बांधून पूर्ण झालं 1929 ला. आत आल्फोन्स मुखा या चित्रकाराच्या रंगीत काचेसाठी उजेड हवा, म्हणून ते सकाळी अकरा ते दोनमध्येच बघा. उतरताना पायऱ्यांवर बर्फ गोठलेला असतो, पकड असलेले बूटच घाला.

न्यूर्नबर्गहून

खवल्याची गोष्ट माहीत नव्हती, मस्त! विशेहराड या टेकडीवरच्या जुन्या गढीबद्दल कोणीच लिहिलेलं नाही. ड्वोर्झाक आणि स्मेताना हे संगीतकार आणि जगाला "रोबोट" हा शब्द देणारे लेखक कारेल चापेक, सगळे तिथल्या दफनभूमीत आहेत. आम्हाला जाता आलं नाही. कोणी थंडीत गेलं असेल तर वर चढायचा रस्ता कसा असतो ते सांगा. फेब्रुवारीत आई येतेय, तिला गुडघ्यांचा त्रास आहे.

प्रागहूनच

मेट्रोच्या सी मार्गाने विशेहराड स्टेशनला उतरा. तिथून रस्ता जवळपास सपाट आहे, दहा-पंधरा मिनिटं. नदीकडच्या पायऱ्यांनी मात्र काकूंना नेऊ नका. आणि येणार असाल तेव्हा कळवा, आम्ही भेटू.