प्रति: लसूण-ओव्याचं तेल आणि गाईचा मिथेन

लसूण-ओव्याचं तेल दिलं की गाईचा मिथेन थांबतो, असं काही जण म्हणतात; ते अर्धंच खरं. हा वायू मुख्यतः ढेकरांतून जातो. कोटीपोटातले (गाईच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले) जंतू हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून तो बनवतात. खाद्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा त्यातच जाते. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल या जंतूंना आवरतं, पण मात्रा वाढली की चारा पचवणारे जंतूही दबतात, गाय खाणं कमी करते. प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम गोठ्यात तितका टिकत नाही, कारण जंतू सरावतात. आमच्या सिन्नरकडे उन्हाळ्यात गाई निव्वळ कडब्यावर दिवस काढतात. तिथे तेलाच्या आधी लसूणघास (ल्युसर्न हा हिरवा चारा, लसूण नव्हे) मिळायला हवा, असं मला फार वाटतं. आणि कृपा करून बाटलीनं तेल पाजू नका! ठसका लागून फुफ्फुसात गेलं तर जनावर हातचं जातं.