शेकाट्याच्या प्रतिबिंबाची चोच कापली गेलीय, क्रॉप कुठे करू?

मंडळी, मदत हवी आहे. रविवारी भिगवणला, कुंभारगावच्या बाजूने नावेतून उजनी धरणाच्या फुगवट्यात गेलो होतो. कोवळं ऊन, पाणी काचेसारखं. एक शेकाट्या (पाणथळीतला पक्षी) गुलाबी काड्यांसारखे पाय टाकत अगदी समोर आला. नावेच्या काठावर कोपर टेकवून ४०० एमएमवर, १/१६०० सेकंद शटरला फोटो काढले. पक्षी झकास आला, पण प्रतिबिंबाची चोच नेमकी फ्रेमबाहेर! एवढ्या लांब पायांच्या पक्ष्याला कॅमेरा आडवा धरल्याचं फळ, दुसरं काय.

आता कापू कुठे? प्रतिबिंब पायांवरच छाटलं तर पक्षी अधांतरी वाटतो, मानेपाशी छाटलं तर मुंडकं उडवल्यासारखं. खाली कॅनव्हास वाढवून खोटी चोच जोडणं मनाला पटत नाही.

दुसरं म्हणजे, प्रतिबिंब मुळात पक्ष्यापेक्षा थोडं गडदच असतं हे ठाऊक आहे. तरी हौसेने लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) फक्त प्रतिबिंबावर मास्क लावून शॅडो, म्हणजे गडद भाग, +४० ने उजळले, तर खालचा पक्षी वरच्यापेक्षा उजळ! वरच्याचं पांढरं पोट मात्र जळाल्यासारखंच दिसतंय. फाइल रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची, प्रक्रिया न केलेली) आहे. तुम्ही आधी पोटाचा पांढरा रंग आवरता की प्रतिबिंब उजळता? आणि साधारण किती?